राखणदार किती असावेत?
घरच्या संगणकावर एकाच वेळी चालणाऱ्या अनेक सुरक्षा-प्रोग्रामांविषयी

भाताची कापणी होऊन भारे खळ्यावर आले, की शहापूर-मुरबाडच्या गावांतून रात्रीची राखण सुरू होते. खळ्यावर एक माणूस जागा असला म्हणजे घरची मंडळी निश्चिंत झोपतात. पण समजा, घरातल्या तिघांनी एकमेकांना न सांगता त्याच खळ्यावर तीन राखणदार नेमले, तर काय होईल? अंधारात पहिल्याला दुसऱ्याची चाहूल लागेल आणि तो काठी उगारील. दुसरा त्यालाच चोर समजेल. तिसरा दोघांवर ओरडत धावेल. या गोंधळात खरा चोर भारा उचलून केव्हा निघून गेला, हे कोणाच्याच ध्यानात येणार नाही. ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तीच गोष्ट घरच्या संगणकालाही लागू पडते, हे मात्र आम्हाला नुकसान सोसल्यानंतर कळले. ते नुकसान कसे झाले आणि त्यातून आम्ही काय शिकलो, हे पालकांपुढे व माजी विद्यार्थ्यांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्याकडे काय घडले

काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या औदार्याने विद्यालयात काही वापरलेले संगणक आले. त्यांपैकी बऱ्या अवस्थेतील एक आम्ही कार्यालयीन कामासाठी ठेवून घेतला. त्याची रॅम चार जीबी होती आणि आत जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती. तो ज्यांच्याकडून आला त्यांचा अँटीव्हायरस त्यात आधीपासूनच होता. नवे यंत्र आले म्हणून आम्ही तालुक्याच्या ठिकाणाहून वर्षभराच्या परवान्याचा दुसरा अँटीव्हायरस आणून बसवला. पुढे एका हुशार विद्यार्थ्याने, केवळ मदत म्हणून, इंटरनेटवरून तिसरा, फुकट मिळणारा, उतरवून घेतला. तिघांचीही भावना चांगलीच होती. पडद्याच्या कोपऱ्यात तीन ढालींची तीन चिन्हे दिसू लागली, तेव्हा आम्हाला समाधानच वाटले.

त्याच सुमारास विद्यालयाची जुनी छायाचित्रे जमवण्याचे काम सुरू होते. लोक पेटीतून, भिंतीवरून छायाचित्रे काढून आणून देत. आम्ही ती स्कॅन करून संगणकात ठेवत असू आणि मूळ प्रत परत करत असू. मुरबाडकडील एका गावचे एक पालक आपल्या दिवंगत मुलाचे छायाचित्र घेऊन आले. वसतिगृहाच्या पायरीवर मित्रांबरोबर बसलेला त्यांचा मुलगा त्यात होता. विद्यालयातील दिवसांचे त्याचे तेवढे एकच छायाचित्र त्यांच्यापाशी होते.

संगणक दिवसेंदिवस मंद होत गेला. सुरू व्हायला पाव तास लागे. छायाचित्रांचा फोल्डर उघडला की सारे गोठून जाई. अशा वेळी आम्ही बटण दाबून धरून यंत्र बंद करत होतो आणि पुन्हा सुरू करत होतो. आठवडाभरात हे किती वेळा केले, त्याची मोजदाद नाही. एके दिवशी मात्र तो फोल्डर उघडलाच नाही. दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाने काही फाइली वाचवल्या, पण बऱ्याच गेल्या.

पुढच्या पावसाळ्यात त्या पालकांच्या घराचे छप्पर गळले आणि पेटीतले छायाचित्र भिजून गेले. ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “गुरुजी, तुमच्या मशिनीत आहे ना तो फोटो?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी आम्हाला दोष दिला नाही. चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सारा दोष त्या तीन प्रोग्रामांचा होता, असे म्हणता येणार नाही. हार्ड डिस्क जुनी होती, वीज वारंवार जात होती, आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे आम्ही दुसरी प्रत ठेवली नव्हती. परंतु यंत्र गोठत होते ते या तिघांच्या झटापटीमुळे. गोठत होते म्हणून आम्ही ते दांडगाईने बंद करत होतो. आणि तीन राखणदार आहेत या भरवशावरच प्रत ठेवण्याचा विचार आमच्या मनात आला नव्हता. खोट्या सुरक्षिततेची किंमत अशी मोजावी लागते.

‘दोन असले तर बरे’ ही समजूत आली कोठून?

ही समजूत मूर्खपणाची नाही. एके काळी ती बरोबरच होती. संगणकाचा विषाणू म्हणजे स्वतःच्या प्रती काढत एका यंत्रातून दुसऱ्यात शिरणारा प्रोग्राम होय. ‘ब्रेन’ नावाचा विषाणू १९८६ साली लाहोरमधील दोन भावांनी लिहिला. तो फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात जाऊन बसत असे, आणि गंमत अशी की त्या भावांनी त्यात आपला नाव-पत्ताही लिहिला होता. ६ मार्च या दिवशी जागा होणाऱ्या ‘मायकेलँजेलो’ या विषाणूने १९९२ साली जगभर धास्ती निर्माण केली.

याच काळात पुण्यात कैलास काटकर हे मॅट्रिकपर्यंत शिकलेले तरुण कॅल्क्युलेटर व इतर यंत्रे दुरुस्त करीत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणू सापडू लागले. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढण्यासाठी प्रोग्राम लिहिण्यास आरंभ केला. त्यातूनच १९९५ साली ‘क्विक हील’ हा अँटीव्हायरस बाजारात आला. पुढे त्याच नावाची कंपनी झाली आणि २०१६ साली तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. दुरुस्तीच्या टेबलावरून सुरू झालेला हा मराठी उद्योग आपल्या विद्यार्थ्यांनी जरूर अभ्यासावा.

त्या डॉसच्या काळात विषाणू शोधण्याचा प्रोग्राम बहुधा फ्लॉपीवर असे. तो बोलावल्यावर येई, डिस्क तपासून निकाल सांगे आणि निघून जाई. अशा पाहुण्यांना एकामागून एक पाच वेळा बोलावले तरी बिघडत नसे. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला सापडे, म्हणून दुरुस्ती करणारे लोक खिशात दोन-तीन फ्लॉप्या बाळगत. ‘दोन असले तर बरे’ ही समजूत त्या काळाची आहे.

पुढे परिस्थिती पालटली. इंटरनेट आले, पेन ड्राइव्ह आले, आणि धोका महिन्यातून एकदा न येता क्षणोक्षणी येऊ लागला. तेव्हा अँटीव्हायरस पाहुणा राहिला नाही. तो घरातच मुक्कामाला आला आणि अहोरात्र पहारा देऊ लागला. येथेच हिशेब बदलला. आळीपाळीने येणारे दोन तपासनीस निराळे, आणि एकाच दारात एकाच वेळी ठाण मांडून बसलेले दोन पहारेकरी निराळे.

दारात नेमके काय घडते?

आपण एखादी फाइल उघडतो, तेव्हा ती थेट आपल्यापुढे येत नाही. विंडोजसारखी संचालन प्रणाली ती डिस्कवरून आणते, आणि वाटेत अँटीव्हायरसची चौकी असते. चौकीवरचा पहारेकरी म्हणतो, “थांबा, आधी मी पाहतो.” तो फाइल तपासतो आणि मगच पुढे सोडतो. हे काम क्षणार्धात होते, म्हणून ते आपल्याला जाणवत नाही. या चौक्या प्रणालीच्या अगदी गाभ्यात बसवलेल्या असतात. कोणती चौकी वर आणि कोणती खाली, हे ठरवण्यासाठी मायक्रोसॉफ्ट प्रत्येक कंपनीला ‘उंची’ दर्शवणारा एक क्रमांकही देते. अँटीव्हायरस गटासाठी ३,२०,००० ते ३,२९,९९८ एवढे क्रमांक राखून ठेवलेले आहेत.

मग क्रम ठरलेला असताना भांडण का होते? त्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले कारण असे, की तपासणीसाठी पहारेकऱ्यालाही फाइल उघडावीच लागते. पहिल्याने ती उघडली की दुसऱ्याच्या दृष्टीने ‘कोणीतरी फाइल उघडत आहे’ अशी नवी घटना घडते, म्हणून तोही तीच फाइल तपासायला घेतो. एका छायाचित्रासाठी डिस्कवर दोन-तीन फेऱ्या होतात. फिरत्या हार्ड डिस्कचे वाचनशीर्ष एका वेळी एकाच जागी असू शकते. ते इकडून तिकडे धावत राहते आणि आपण फिरणाऱ्या वर्तुळाकडे पाहत बसतो. कधी कधी पहिला दुसऱ्याची आणि दुसरा पहिल्याची वाट पाहत राहतो. दोघेही थांबतात आणि यंत्र गोठते.

दुसरे कारण संशयाचे आहे. प्रणालीच्या गाभ्यात शिरणे, इतर प्रोग्रामांच्या हालचालींवर डोळा ठेवणे, आपल्याला कोणी बंद करू नये म्हणून तटबंदी करणे, ही सारी लक्षणे घातक प्रोग्रामाची आहेत. दुर्दैवाने चांगल्या अँटीव्हायरसचीही तीच आहेत. शिवाय त्याच्यापाशी हजारो विषाणूंच्या ओळखखुणांचा साठा असतो. तो साठा दुसऱ्याच्या नजरेस पडला, तर दुसरा “विषाणू सापडला!” म्हणून ओरडू शकतो. चोरांची छायाचित्रे जवळ बाळगणाऱ्या हवालदारालाच चोर समजून पकडावे, तसा हा प्रकार आहे.

तिसरे कारण जप्तीचे आहे. घातक फाइल सापडली की ती कुलूपबंद कोठडीत टाकण्याची रीत आहे. खरा विषाणू आला आणि दोघांनी एकदमच त्याला धरले, तर दोघांपैकी एकालाही ती फाइल नीट हलवता येत नाही. ती अर्धवट अडकून राहते आणि सूचनांवर सूचना येत राहतात. घरातील माणसे कंटाळतात आणि न वाचताच ‘ठीक आहे’ दाबायला शिकतात. ही सवय विषाणूपेक्षाही वाईट आहे.

चौथे कारण इंटरनेटच्या वाटेवरचे आहे. काही अँटीव्हायरस संकेतस्थळांवरून येणारी सांकेतिक माहिती मध्येच उलगडून पाहतात. दोघे तसे करू लागले, की ब्राउझरला विश्वासार्ह संकेतस्थळही संशयास्पद वाटू शकते. बँकेचे पान किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज उघडत नाही. मग कोणीतरी वैतागून सारेच संरक्षण बंद करून टाकते.

पाचवे कारण साधे वजनाचे आहे. प्रत्येक पहारेकरी रॅममधील जागा घेतो, अद्ययावत होण्यासाठी इंटरनेट घेतो आणि दिवसातून कधीतरी संपूर्ण तपासणी करू पाहतो. मोबाइलच्या नेटवर चालणाऱ्या, चार जीबी रॅमच्या यंत्राला तिघांचा भार म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

कसारा घाटातील इंजिने

म्हणजे एकाहून अधिक सुरक्षा-प्रोग्राम ठेवूच नयेत काय? तसे मुळीच नाही. याचे उत्तर उंबरमाळीच्या माणसाला रोज डोळ्यांपुढे दिसते. आपल्या स्थानकावरून पुढे गेलेल्या अनेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडली जातात. सदतीस मीटर पुढे जाताना एक मीटर चढणारा थळ घाट ती गाडीला चढवून देतात. इगतपुरीला त्यांचे काम संपते आणि ती सुटी होतात. पुढचे इंजिन ओढते. मागची इंजिने ढकलतात आणि गाडी मागे घसरू देत नाहीत. इंजिने अनेक आहेत, पण प्रत्येकाची जागा निराळी, काम निराळे, आणि साऱ्यांचा इशारा एक. एकाच इंजिनात दोन चालक बसवून दोघांच्या हाती वेगवेगळे दांडे दिले, तर मात्र घाट चढणे दूरच राहील.

संगणकाचेही तसेच आहे. एका जागी एकच हवा; निरनिराळ्या जागी अनेक चालतात. सोयीसाठी यादी करून देतो.

१. अहोरात्र पहारा देणारा अँटीव्हायरस एकच असावा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचा ‘डिफेंडर’ विंडोजमध्येच अंतर्भूत आहे. घरगुती वापरासाठी दुसरा विकत घेतलाच पाहिजे, असे नाही. दुसरा बसवला आणि त्याने विंडोजकडे आपली रीतसर नोंद केली, तर विंडोज १० व ११ मध्ये डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. तो दुसरा काढून टाकल्यावर पुन्हा पहाऱ्यावर येतो. हा समजूतदारपणा डिफेंडरपाशी आहे. बाहेरून आणलेल्या दोन अँटीव्हायरसांमध्ये तो असेलच असे नाही.

२. फायरवॉल एकच असावी. कोणता प्रोग्राम नेटवर जाऊ शकतो आणि बाहेरून कोण आत येऊ शकतो, हे ती ठरवते. विंडोजची फायरवॉल २००४ पासून आपोआप सुरू असते. ती अँटीव्हायरसच्या शेजारी निर्धोक चालते, कारण दोघांची दारे वेगळी आहेत.

३. बोलावल्यावर येणारा दुसरा तपासनीस चालतो. डॉसच्या काळातील पाहुण्याची ही आजची आवृत्ती होय. मायक्रोसॉफ्टचा ‘सेफ्टी स्कॅनर’ हा असा प्रोग्राम आहे. उतरवून घेतल्यापासून दहा दिवसांत तो निकामी होतो, म्हणजे प्रत्येक वेळी ताजा घ्यावा लागतो. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. तेथेही घातक प्रोग्राम काढण्याची साधने विनामूल्य मिळतात. असा तपासनीस महिन्यातून एकदा चालवावा आणि काम झाल्यावर बंद करावा. मात्र अशा काही प्रोग्रामांच्या सशुल्क आवृत्त्या कायमचा पहारा सुरू करतात. बसवताना ते पाहून घ्यावे.

४. एखाद्या विशिष्ट फाइलविषयी अनेकांचे मत हवे असेल, तर त्यासाठी आपल्या यंत्रात गर्दी करण्याचे कारण नाही. २००४ साली स्पेनमध्ये सुरू झालेल्या आणि २०१२ पासून गुगलकडे असलेल्या ‘व्हायरस टोटल’ या सेवेकडे फाइल पाठवली, की सत्तरहून अधिक अँटीव्हायरसांचा निकाल एकदम मिळतो. भांडण झाले तर ते तिकडे होते, आपल्या घरात होत नाही. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. तेथे पाठवलेली फाइल संशोधकांना पाहता येते. म्हणून आधारपत्र, गुणपत्रक, बँकेचे कागद तेथे कदापि पाठवू नयेत.

जास्तीचे राखणदार कसे काढावेत?

आधी कोण कोण आहे, ते पाहावे. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून सेटिंग्जमधील ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ येथे गेले, की नोंदलेल्या अँटीव्हायरसांची यादी दिसते. बसवलेल्या प्रोग्रामांची यादीही डोळ्यांखालून घालावी, कारण मुदत संपलेला जुना प्रोग्रामही दारात बसून राहू शकतो. तो पहारा देत नाही, परंतु वाट अडवतो.

मग कोणता ठेवायचा, ते एकमताने ठरवावे आणि त्याच्या परवान्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. काहीही काढण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. हे आम्ही अनुभवाने सांगत आहोत. त्यानंतर एका वेळी एकच प्रोग्राम काढावा, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि मगच पुढच्याला हात घालावा. नुसता फोल्डर पुसून अँटीव्हायरस जात नाही, कारण त्याची मुळे खोल असतात. बहुतेक कंपन्या आपला अँटीव्हायरस समूळ काढण्याचे वेगळे साधन देतात. ते त्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. दुसरीकडून घेतले तर औषधाच्या नावाखाली विषच घरात यायचे.

शेवटी राहिलेला एक अद्ययावत करून पूर्ण तपासणी करावी. तो खरोखर जागा आहे की नाही, हे पाहण्याचीही सोय आहे. ‘आयकार’ या नावाने ओळखली जाणारी ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी-फाइल आहे. ती विषाणू नाही, पण प्रत्येक चांगला अँटीव्हायरस तिला ओळखून अडवतो. राखणदाराला रात्री हाक मारून पाहावी, तसाच हा प्रकार.

एका राखणदाराला जे जमत नाही ते

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. राखणदार एक ठेवला, चांगला ठेवला, तरी सारी जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही.

आपल्याच परिसरातील उदाहरण घ्या. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये पसरलेल्या एका घातक प्रोग्रामाची झळ न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराला लागली. मर्स्क समूहाकडे असलेल्या तेथील एका टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि मालाची वाहतूक खोळंबली. तो प्रोग्राम विंडोजच्या ज्या उणिवांवाटे पसरला, त्यांतील एक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात दिलेली होती. यातून दोन धडे मिळतात. विंडोज अद्ययावत करण्याची सूचना आली, की ती पुढे ढकलू नये. आणि ज्या प्रणालीला आता दुरुस्त्याच मिळत नाहीत, तिच्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे जुने संगणक वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण १९ जुलै २०२४ चे आहे. त्या दिवशी जगभरातील विमानतळ आणि बँकांमधील संगणकांचे पडदे निळे झाले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. हा कोणाचा हल्ला नव्हता. ‘क्राउडस्ट्राइक’ या नामवंत सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष अद्ययावत फाइलीमुळे हे घडले. गाभ्यात बसलेला एक पहारेकरी चुकला तर काय होते, ते जगाने पाहिले. मग विनाकारण तीन पहारेकरी गाभ्यात बसवून आपण संकटाची शक्यता कमी करतो की वाढवतो, याचा विचार वाचकांनीच करावा.

म्हणून राखणदाराच्या जोडीला पाच सवयी हव्यात. पहिली, प्रत ठेवण्याची. महत्त्वाच्या गोष्टीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक घराबाहेर, नातलगाकडे किंवा क्लाउडवर असावी. प्रत घेतल्यावर बाहेरची डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर खंडणीखोर विषाणू तीही कुलूपबंद करतो. दुसरी, रोजच्या कामासाठी सर्वाधिकार नसलेले साधे खाते वापरण्याची. तिसरी, सायबर कॅफेतून किंवा झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेला पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय न उघडण्याची. चौथी, चोरीचे सॉफ्टवेअर आणि ते ‘मोकळे’ करणारी साधने टाळण्याची. अशा साधनांबरोबर येणारा पाहुणा आधी अँटीव्हायरसच बंद करायला सांगतो. पाचवी सवय मोबाइलची. लग्नपत्रिका, वाहनदंड किंवा सरकारी योजना अशा नावाने व्हॉट्सॲपवर आलेली ‘एपीके’ फाइल उघडू नये, मग ती ओळखीच्या क्रमांकावरून आलेली असली तरीही.

इतके करूनही फसवणूक झाली आणि पैसे गेले, तर लाजून गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका लवकर फोन जाईल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची आशा अधिक.

अखेरची विनंती

त्या घटनेनंतर आमच्या कार्यालयीन संगणकावर एकच अँटीव्हायरस आहे. तो रोज अद्ययावत होतो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी पाहुणा तपासनीस येऊन जातो. दर शुक्रवारी सायंकाळी दोन डिस्कवर प्रती घेतल्या जातात. त्यांपैकी एक विद्यालयाबाहेर ठेवली जाते आणि कोणी केव्हा घेतली, याची नोंद वहीत होते. हे काम वरच्या वर्गातील विद्यार्थीच करतात. यंत्र जुनेच आहे, परंतु आता दोन मिनिटांत सुरू होते.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे, की विद्यालयाला किंवा गावाकडे आई-वडिलांना संगणक देताना त्यातील आपला जुना अँटीव्हायरस काढून द्यावा, आणि त्या घरात राखणदार कोण आहे, ते एकदा बसून समजावून सांगावे. आई-वडिलांना तुमच्या भेटवस्तूपेक्षा त्या अर्ध्या तासाचा उपयोग अधिक होईल.

आणखी एक मागणे आहे. वसतिगृहाच्या पायरीवर मित्रांबरोबर बसून काढलेले छायाचित्र आपल्यापैकी कोणाच्या पेटीत, अल्बममध्ये किंवा भिंतीवर असेल, तर ते कृपया आमच्याकडे घेऊन यावे. त्यात कोण कोण बसले आहे, हे आपल्याला आठवत नसले तरी चालेल. आम्ही त्याच्या तीन प्रती करू. त्यांपैकी एक मुरबाडच्या बाजूला एका घरी पोहोचवायची आहे.